नसलेल्या पायाचा जोर

सर्जेराव मगदूम यांचा उजवा पाय गुडघ्याखाली वीतभर अंतरावर संपत असे. परंतु ही गोष्ट त्या पायास मान्य नव्हती.

शस्त्रक्रियेला पाच वर्षे लोटली होती. तरीही सर्जेरावांना आपला तळवा जाणवे, टाच जाणवे, आणि अंगठा या क्षणी कोठे आहे हे डोळे मिटून सांगता येई. आरंभी तर ते पलंगावरून उतरताना त्या नसलेल्या पायावर भार देत आणि तोंडघशी पडत. पहिल्या वर्षी लोक हळहळले, दुसऱ्या वर्षी कुणी कुणी हसले, आणि पुढे कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्या गोष्टीचे कुणाला काही वाटेनासे झाले. परदुःख शीतळ म्हणतात ते उगाच नव्हे.

सर्जेराव हे एके काळचे नावाजलेले मोटारशर्यतपटू. डोंगरातील वळणांच्या रस्त्यांवर ज्या रॅली होत, त्यांत त्यांच्या गाडीने दुसऱ्या कुणाची धूळ खाल्ल्याचे सहसा ऐकिवात नसे. गाडीत त्यांच्या शेजारी त्यांची पत्नी वैजयंता बसे आणि पुढे येणारे प्रत्येक वळण, त्याची दिशा आणि त्याचा अवघडपणा खणखणीत आवाजात आधीच सांगे. "घरात बायकोचं एक ऐकत न्हाई गडी, आणि गाडीत बसला की मुकाट मान डोलावतोय," अशी मित्रमंडळी थट्टा करीत. असे सर्व सुखाने चालले असता एके दिवशी सर्जेराव राधानगरीच्या उतारावर एकटेच सरावास गेले आणि ब्रेकची नळी फुटली. त्यांनी ब्रेकवर पाय रोवला, आणखी रोवला, सर्व देहाचे बळ त्या एका पायात ओतले. परंतु गाडी थांबली नाही. ती कातळावर आदळली तेव्हाही पाय ब्रेकवरच होता, आणि तो तेथेच राहिला.

पुढील पाच वर्षांत जगही पालटले. सपाट रस्त्यांवरील वाहने आपली आपण चालू लागली. माणसाने स्वतः गाडी हाकणे ही घोडेस्वारीसारखी हौसेची बाब होऊन बसली. त्यासाठी निराळा परवाना लागे, आणि तो देताना माणसाचे हात, पाय, डोळे असे निरखून पाहत, जसा बाजारात बैल पाहावा. घाटातील ट्रकवाले आणि स्पोर्ट्स कारचे शौकीन एवढ्यांच्याच हाती चाक उरले होते. सर्जेराव आपल्या वर्कशॉपमध्ये दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करीत, आणि दुरुस्त झालेली गाडी दुसरा कुणी चालवून पाहू लागला की पाठमोरे उभे राहत.

अशा वेळी मिरजेच्या डॉक्टर निखत मुजावर त्यांना शोधीत आल्या. त्या चेतासंस्थेच्या अभ्यासक होत्या आणि वेगवती मोटर्स या कंपनीसाठी एका नव्या साधनावर काम करीत होत्या.

"मगदूमदादा, तुमचा पाय अजून आहे असं तुम्हाला वाटतं ना?" त्यांनी खुर्चीवर बसण्याआधीच विचारले.

"वाटतं म्हंजे? हाय की. फकस्त बुटात मावत न्हाई."

"हलवता येतो?"

सर्जेरावांनी विजारीच्या दुमडलेल्या टोकाकडे पाहिले. "आत्ता पंजा खाली दाबालोय बघा."

"मग तो पाय मला हवा आहे," डॉक्टर निखत म्हणाल्या.

"घेऊन जावा, बाई. लई दिवसांत कुणी मागितला न्हवता."

येथे थोडे शास्त्र सांगणे अगत्याचे आहे. आपल्या मेंदूत आपल्या सर्व देहाचा एक नकाशा असतो. पाय कापला म्हणजे पाय जातो, परंतु नकाशातील त्याची जागा जात नाही. त्या जागेवरून मेंदू पूर्वीप्रमाणेच हुकूम सोडतो. हुकूम चेतातंतूंतून उतरत उतरत पोटरीच्या उरलेल्या स्नायूंपर्यंत येतो, ते स्नायू किंचित आखडतात, आणि त्या आखडण्यातून अत्यल्प वीज निर्माण होते. पत्र निघते, टपाल गावातही येते. केवळ ज्या घरी द्यायचे ते घर पाडलेले असते. डॉक्टर निखत यांनी बनविलेला चेतामोजा हे टपाल वाटेतच वाचीत असे. हा मोजा उरलेल्या पोटरीवर चढवावयाचा. त्याच्या आतील सूक्ष्म टोके ती वीज टिपीत, आणि संगणक ताडीत असे की, पाय असता तर त्याने या क्षणी पंजा किती दाबला असता. तितका वेग गाडीच्या मोटरला मिळे. उजव्या पायासाठी गाडीत पेडल म्हणून नव्हतेच. ब्रेकचे पेडल मात्र खरोखरीचे होते, आणि ते डाव्या, धडधाकट पायाखाली होते.

गाडीचे नाव शार्दूल. रंग गडद तांबडा, उंची इतकी कमी की आत बसण्यासाठी पाटावर बसल्याप्रमाणे बसावे लागे. कंपनीच्या मैदानावर सर्जेरावांनी प्रथम पंजा दाबला, त्या क्षणी शार्दूल जागची उसळली, आणि पाच वर्षे ज्याने कुणासमोर डोळ्यांतून टिपूस काढले नव्हते त्या गड्याला हेल्मेटची काच वर करून डोळे पुसावे लागले.

"काय झालं? मोजा टोचतो का?" डॉक्टरांनी विचारले.

"न्हाई बाई. पायाला कामधंदा मिळाला, एवढंच."

परंतु प्रत्येक विद्येला एक दुसरी बाजू असते. नसलेला पाय केवळ हलतो असे नाही, तो दुखतोही. कित्येकांचा पाय ज्या स्थितीत गेला त्याच स्थितीत मेंदूत थिजून राहतो. बोटे वळलेली, तळवा ताणलेला, आणि तो सोडवावा म्हटले तर सुटत नाही, कारण सोडवावयाचे कोणास? सर्जेरावांचा पायही असाच आवळे. त्यावर एक उपाय होता आणि तो फार सोपा होता. दोन्ही पायांच्या मध्ये आरसा उभा करावयाचा आणि आरशात पाहत धडधाकट पाय हलवावयाचा. आरशातील प्रतिमा उजव्या पायाच्या जागी दिसते. डोळे मेंदूला सांगतात की, पाहा, बोटे उघडली. आणि मेंदू, जो हाताचे ऐकत नाही आणि मनाचे ऐकत नाही, तो डोळ्यांचे ऐकतो. आवळलेला पाय ढिला पडतो. वैजयंता प्रत्येक सकाळी तो आरसा पुसून मांडीत असे.

डॉक्टर निखत यांनी ही गोष्ट लपविली नाही. "आरसा बंद करावा लागेल, दादा. आरशानं दुखणं जातं, पण बऱ्याच जणांचा पायही जातो. हळूहळू आखूड होतो आणि एक दिवस जाणवेनासा होतो. तो गेला तर मोजा वाचणार काय? विचार करा. आणि दुखायला लागलं तर मला त्याच दिवशी सांगायचं. आवळलेल्या पायानं गाडी चालवायची नाही. सांगाल ना?"

"सांगतो की."

सर्जेरावांचे बालपण तालमीत गेले होते. तेथे खांदा निखळला तरी वस्ताद विचारीत, "काय रं, लागलं का?" आणि उत्तर एकच असे, "न्हाई वस्ताद." ज्याने दुसरे उत्तर दिले त्याला लाल मातीत पुन्हा उतरू देत नसत. त्यामुळे डॉक्टर प्रत्येक चाचणीपूर्वी जेव्हा विचारीत की, पाय मोकळा आहे ना, तेव्हा सर्जेरावांच्या तोंडून आपसूक निघे, "एकदम निवांत."

एके दिवशी दुपारी वैजयंता जेवणाचा डबा घेऊन वर्कशॉपमध्ये आली. सर्जेराव एका जुन्या टायरवर बसले होते. त्यांचे दोन्ही हात गुडघ्याखाली, जेथे काहीच नव्हते तेथे, हवा चोळीत होते. अंगठा कोठे असावा, टाच कोठे असावी, हे त्या हातांना नेमके ठाऊक होते. ती दारातच थबकली.

"काय करालायसा?"

हात थांबले. "काय न्हाई. घाम पुसालोय."

"हवेला घाम आलाय व्हय?"

तिने डबा कामाच्या टेबलावर ठेवला आणि त्यांच्यापुढे उकिडवी बसली.

"दुखालंय न्हवं? कधीपासनं?"

"आरसा सोडल्यापासनं."

"आणि मला म्हणत होता, आता लई बरं हाय. डॉक्टरांनाबी तेच." ती ताडकन उठली. "मी आजच फोन करते त्यांना."

"वैजू, थांब." त्यांनी तिच्या पदराचे टोक धरले. "फोन केलास तर चाचणी बंद. चाचणी बंद तर परवाना न्हाई. आरसा लावला की दुखणं जाईल, कबूल हाय. पण पायबी जाईल. मग मी कोण? गाड्यांची चाकं बदलणारा लंगडा. दुखतोय तवर हाय तरी तो."

"पायासाठी अंगाला हे असं जाळायचं? रात्र रात्र डोळ्याला डोळा न्हाई तुमच्या. मला वाटत होतं गाडीच्या आनंदानं झोप येत न्हाई."

"त्यानंबी येत न्हाई," सर्जेराव म्हणाले, आणि दोघांनाही नको असताना हसू आले.

परंतु वैजयंतेचे हसू लगेच मावळले. तिचे मन कात्रीत सापडले. नवऱ्याचे सुख म्हणावे तर ते गाडीत आहे, आणि नवऱ्याचे दुखणे म्हणावे तर तेही त्याच गाडीत आहे. एकास हात घालावा तर दुसरे हाती लागते. शेवटी ती म्हणाली, "घाटातल्या शेवटच्या चाचणीला शेजारी मी बसणार. पूर्वीसारखी वळणं मी सांगणार. हे मान्य असंल तर गप बसते."

सर्जेरावांनी मान डोलावली.

शेवटची चाचणी गगनबावड्याच्या खाली करूळ घाटात ठरली. घाट त्या सकाळपुरता वाहतुकीस बंद करण्यात आला. शार्दूलला तीन वेळा घाट उतरावयाचा होता. गाडीत दोन लाल बटणे होती, एक चालकासमोर आणि एक शेजारच्या आसनासमोर. ते दाबताच मोटरची वीज तुटे. तीन उतरणींत बटण एकदाही दाबावे लागले नाही, तर चेतामोजा मान्य होणार होता आणि सर्जेरावांना परवाना मिळणार होता. बटण दाबले, तर परवानगी नाही आणि पुन्हा चाचणीही नाही. त्यात आणखी एक अट चालकांच्या अनुभवातून आलेली होती. बटण वळणावर दाबावयाचे नाही. भर वेगात, गाडी वळलेली असता, मोटरची वीज एकाएकी तुटली तर मागची चाके जागा सोडतात आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. सरळ रस्ता मिळाला तरच दाबावे.

आता सर्जेरावांची चूक सांगितली पाहिजे, कारण पुढचा प्रसंग तिच्यामुळेच ओढवला. शार्दूलमध्ये अशी योजना होती की, ब्रेक आणि वेग एकाच वेळी दाबले गेले तर गाडीने ब्रेकचे ऐकावे. सामान्य चालकास हे उत्तम. परंतु रॅलीतील माणसाला वळणावर डाव्या पायाने ब्रेक चेपीत उजव्याने वेग राखण्याची सवय असते. त्याला ही योजना म्हणजे गाडीने मध्येच हात धरल्यासारखे वाटते. सर्जेरावांनी हट्ट करून ती बंद करविली. डॉक्टर निखत नाराज होत्या. "ती असू द्या की, दादा."

"बाई, पोहायला जाताना भोपळा बांधून गेलो तर पोहणं आलं असं कोण म्हणंल?"

कंपनीच्या अधिकाऱ्यांना हे उत्तर आवडले, आणि योजना बंद झाली.

निघण्यापूर्वी वैजयंतेने गाडीच्या तोंडावर हळदकुंकू वाहिले आणि चिमूटभर हळद सर्जेरावांच्या मोज्यालाही लावू लागली. तेव्हा डॉक्टर धावत आल्या. "वहिनी, तिथं नको! टोकांवर हळद गेली तर मोजा काहीच्या बाही वाचेल!"

"मग कपाळाला लावते. तिथं काय बिघडायचं राहिलेलं न्हाई," वैजयंता म्हणाली.

डॉक्टरांनी सर्जेरावांकडे पाहून नेहमीचा प्रश्न विचारला. "पाय मोकळा?"

वैजयंतेने श्वास रोखला.

"एकदम निवांत," सर्जेराव म्हणाले.

पहिली उतरण सुरेख झाली. दुसरी त्याहून सुरेख. वैजयंतेचा आवाज पाच वर्षांनीही तसाच होता. "डावा, सोपा. उजवा, मध्यम, कठडा जवळ. मग डावा, अवघड." त्या आवाजावर सर्जेरावांचे हात जणू आपोआप फिरत होते. एका बाजूस हिरवा डोंगर, दुसऱ्या बाजूस कोकणची दरी, आणि मध्ये ते दोघे. पोटरीखाली कळा येत होत्या, परंतु आनंदाच्या भरात माणूस इंगळीचा डंखही विसरतो.

तिसऱ्या उतरणीत, घाटाच्या मध्यावर, एका वळणाआड दरडीतून सुटलेला धोंडा रस्त्यात पडलेला होता.

विचार करण्यास अवधी नव्हता. अशा वेळी डाव्या पायाने ब्रेक दाबावयाचा हे सर्जेरावांनी महिनोन्‌महिने घोटले होते, आणि डाव्या पायाने तो दाबलाही. परंतु त्याच क्षणी, त्या शिकवणीच्या कितीतरी आधीची, पंचवीस वर्षांची सवय जागी झाली. भय वाटले की चालकाचा उजवा पाय ब्रेकवर पडतो. नसलेला पाय सर्व बळानिशी खाली गेला. मोज्याने तो जोर वाचला, आणि आपल्या बुद्धीप्रमाणे त्याचा एकच अर्थ लावला. शार्दूलने झेप घेतली.

सर्जेरावांनी चाक फिरविले. धोंडा गाडीच्या बाजूच्या आरशाला घासून मागे गेला.

"पाय उचला!" वैजयंता ओरडली.

"उचलंना!"

"म्हंजे?"

"धरलाय! सुटंना!"

बोटे वळली होती. तळवा दगड झाला होता. आणि त्या तळव्याखाली सर्जेरावांना काहीतरी स्पष्ट लागत होते. ते लोखंडी होते, आडव्या रेघा असलेले. हे पेडल शार्दूलचे नव्हते. शार्दूलला त्या बाजूस पेडलच नव्हते. हे त्या जुन्या गाडीचे पेडल होते. त्या गर्दीत, चाक दोन्ही हातांनी आवळलेले असता, सर्जेरावांना एक गोष्ट विजेसारखी उमगली. हा पाय वेग देत नाही. हा पाय पाच वर्षे ब्रेक दाबीत आहे. ती गाडी थांबल्याचे त्याला अद्याप कुणी सांगितलेलेच नाही.

"डावा, अवघड!" वैजयंतेचा आवाज आला. तो कापत होता, परंतु शब्द जागच्या जागी होते. "लगेच उजवा, अवघड! मग सरळ हाय, पुलापातूर. लाल बटण तिथं!"

"वळणात दाबू नकोस!"

"मला शिकवू नका! डावा, आता!"

डाव्या पायाखालचा ब्रेक मोटरशी झुंजत होता. चाकांतून करपल्याचा वास येऊ लागला, आणि पेडल पूर्वीपेक्षा खोल जाऊ लागले. तापलेला ब्रेक फार काळ पकडीत नाही, हे दोघांनाही ठाऊक होते. गाडी कठड्याला चाटून वळली.

आणि तेव्हा सर्जेरावांच्या मनात तो विचार आला. आरसा जे करतो ते आरशावाचूनही थोडेफार होते. दोन्ही पाय एकदम हलविले तर थिजलेला पाय कधी कधी जोडीदाराबरोबर सुटतो. आरशाच्या दिवसांतील सकाळच्या व्यायामात त्यांनी ते अनेकदा अनुभवले होते. डावा पाय ब्रेकवरून उचलावा. एका क्षणापुरता उचलावा. उजवा त्याच्याबरोबर उचलला गेला तर गाडी हाती येईल, लाल बटणास हात लावावा लागणार नाही, परवाना मिळेल, पाय राहील, आणि आज येथे काय झाले हे कुणास कळणारही नाही. नाही उचलला गेला तर पुढच्या वळणावर गाडीला धरणारे काहीही नसेल.

त्यांना वाटले की, सुटेल. खरोखर वाटले. शर्यतीत असे पुष्कळ डाव ते खेळले होते आणि बहुतेक जिंकले होते.

"उजवा, अवघड," वैजयंता म्हणाली. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. तिची नजर रस्त्यावर खिळली होती, एक हात लाल बटणावरील झाकण उघडून वर धरलेला होता, आणि तो हात खाली येत नव्हता, कारण वळण संपले नव्हते. आपला नवरा ब्रेक सोडील अशी शंका तिच्या मनाला शिवलीही नव्हती. तिने वळण सांगावे आणि त्याने ते घ्यावे, एवढाच तिचा हिशोब होता.

सर्जेरावांनी डावा पाय अधिक जोराने रोवला आणि उजवे वळण घेतले.

समोर सरळ रस्ता उघडला. वैजयंतेचा हात खाली येण्याआधी त्यांनी आपल्यासमोरचे बटण दाबले.

मोटर मुकी झाली. गाडीने एक हिसका खाल्ला, मग ती सरळ धावत राहिली, मग तिचा धीर खचत गेला, आणि अखेर पुलाच्या अलीकडे, धूर सोडणाऱ्या चारही चाकांवर, शार्दूल थांबली.

मग वैजयंतेने नवऱ्याच्या दंडावर एक सणसणीत फटका मारला आणि त्याच दंडाला धरून रडू लागली.

"वैजू," सर्जेराव अगदी हळू आवाजात म्हणाले. "गप. जरा थांब."

"काय झालं? लागलं का कुठं?"

"सुटालाय."

पहिल्यांदा अंगठा सुटला. मग एकेक बोट, जणू कुणी प्रेमाने मूठ उघडवीत आहे. तळव्याचा ताण ओसरला. टाच वर आली, चिखलातून पाय निघावा तशी. पाच वर्षांत प्रथमच तो पाय कशावरही जोर देत नव्हता. सर्जेरावांनी डोळे मिटले. पायात ऊब भरून आली, ती पोटरीपर्यंत चढली, आणि तिच्या मागोमाग, ओल्या वाळूतील पाऊल लाटेने पुसून न्यावे, तशा बोटांच्या कडा अस्पष्ट होऊ लागल्या. त्यांना कळत होते. त्यांनी अंगठा हलविण्याचा एकदा प्रयत्न केला, आणि मग तो सोडून दिला.

डॉक्टर निखत दुसऱ्या गाडीने पोहोचल्या तेव्हा सर्जेराव रस्त्याच्या कठड्यावर बसले होते, आणि वैजयंता त्यांना पाणी देत होती. डॉक्टरांनी मोज्याला जोडलेला पडदा पाहिला, तारा तपासल्या, पुन्हा पाहिला.

"दादा, पंजा दाबा बरं."

"कुठला?"

डॉक्टर त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. पडद्यावरची रेघ सपाट होती.

"डॉक्टर, ह्यांचा पाय आरसा सोडल्यापासनं दुखत होता," वैजयंता म्हणाली. "मला ठावं होतं. मीबी बोलले न्हाई."

"मी रोज विचारत होते, वहिनी."

"विचारत होता, बाई," सर्जेराव म्हणाले. "तुमची चूक न्हाई. तालमीतलं उत्तर तोंडात बसलेलं. राग धरा, पण माझ्यावर धरा."

डॉक्टर निखत त्यांच्या शेजारी कठड्यावर बसल्या आणि त्यांनी त्या जुन्या पेडलाची हकीकत सर्जेरावांकडून ऐकून घेतली. त्यांची तीन वर्षांची मेहनत त्या सपाट रेघेत बुडालेली होती. तरी त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मला वाटतं, तुमच्या मेंदूला आज कळलं की गाडी थांबली. सगळं तसंच घडलं ना? तसाच उतार, तीच भीती, तोच दाब. फक्त या वेळी गाडी थांबली. हा माझा तर्क आहे, शास्त्र नाही. शास्त्र म्हणायला आणखी माणसं तपासावी लागतील." त्यांनी पडदा बंद केला. "पाय कधी कधी परत येतो, दादा. पोटरीला विजेचे हलके झटके देऊन आणायचा प्रयत्न करता येईल. कंपनी आता दारात उभं करणार नाही, पण प्रयत्न मी करीन. मात्र तो दुखणं बरोबर घेऊन येईल की नाही, हे मला सांगता येणार नाही."

वैजयंतेने पाण्याच्या बाटलीचे झाकण लावले, काढले, पुन्हा लावले.

सर्जेराव शार्दूलकडे पाहत होते. ऊन तिच्या तांबड्या पाठीवर पडले होते आणि ती अत्यंत देखणी दिसत होती. अशी गाडी या जन्मी पुन्हा हाताखाली येणार नाही, हे त्यांना ठाऊक होते.

"आत्ता विचारू नका, बाई," ते शेवटी म्हणाले. "दोन्ही गोष्टी खऱ्या हायत. लई वाईट वाटालंय. आणि लई बरं वाटालंय."

शार्दूलला नेण्यासाठी कंपनीचा ट्रक घाट चढून आला. त्याचा चालक बाबालाल नावाचा एक पन्नाशीचा, बडबड्या गृहस्थ होता. गाडी वर चढवून साखळदंड आवळून झाल्यावर त्याने नवरा-बायकोला केबिनमध्ये घेतले. सर्जेराव खिडकीशी बसले, वैजयंता मध्ये. ट्रक खडखडत गगनबावड्याच्या दिशेने चढू लागला.

"काय पाव्हणं, असली गाडी चालवायला कसं वाटतं वो?" बाबालालने विचारले. "आमच्या नशिबी निसती वाहून न्यायची. किती पळते म्हणायची?"

उत्तर आले नाही. त्याने मान पुढे काढून पाहिले. सर्जेरावांचे डोके खिडकीच्या काचेवर टेकले होते, तोंड किंचित उघडे होते, आणि ट्रक खड्ड्यात गेला की ते डोके काचेवर आपटत होते. तरी त्यांची झोप मोडत नव्हती.

"आयला, ह्या खडखडाटात झोप लागली?"

वैजयंतेने आपल्या पदराची घडी केली, नवऱ्याचे डोके अलगद उचलून काचेच्या आणि त्याच्या मध्ये ती सरकविली, आणि आयुष्यभर ज्या बाईने गाडीत बसून केवळ पुढचे वळण सांगितले होते ती म्हणाली,

"दादा, जरा सावकाश घ्या. आमास्नी कुठं लवकर पोचायचं न्हाई."